पाचवं टोक

ह्यांनी नोव्हेंबरातच कंपासपेटी मागितली.
घरात शाळेत जाणारं कोण उरलंय आता?
माळ्यावरच्या डब्यात सापडली एक, थिओडोरची,
झाकणावर गिरगटलेले पाढे,
कोनमापक मधोमध तडकलेला.
"तडकला तरी छत्तीस अंश छत्तीसच राहतात,"
असं म्हणून ह्यांनी खडूनं तारा काढला,
नुकत्याच पुसलेल्या फरशीवर.

कमच्या आणल्या जुन्या शुक्रवारीतून.
हफीजभाई डिसेंबरात कुणाला दुकानासमोर उभं करत नाहीत,
संक्रांत मानेवर बसलेली असते त्यांच्या.
तरी दहा कमच्या निवडल्या,
एकेक वाकवून, कानाशी धरून.
"ही बोलते, ही न्या. ही मुकी आहे, मोडंल."
पैसे घेताना विचारलं,
"एवढा मोठा पतंग उडवणार कुठून?"
हे म्हणाले, "उडवायचा नाही. थांबवायचाय."

एकतीस वर्षं मोतीबागेत, छोट्या लाइनीवर,
ह्यांनी सिग्नलचे दिवे पुसले, वाती बदलल्या, मग बल्ब.
लाइन गेली. रूळ उचलले.
हाताला मात्र सवय राहिली,
सांजेला काहीतरी पेटवायची.
मी विचारलं, लाल म्हणजे थांब, हिरवा म्हणजे जा,
मग तारा म्हणजे काय?
बराच वेळ तार सोलत बसले.
म्हणाले, "तो पुढं चालला,
आणि मग थांबला. दोन्ही."

बारा व्होल्टची पट्टी, सीताबर्डीहून, पाच मीटर.
डाखाचा धूर माझ्या करंज्यांच्या सारणात.
गच्चीवर माकडटोपी, गुडघ्याला शाल,
आणि पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा
चार टोकं लख्ख,
पाचवं पाणी घातलेल्या दुधासारखं.
तीन रात्री तेच.
जोड तपासले, अ‍ॅडॅप्टर बदलला,
संडेस्कूलच्या पोरांवर ओरडले, विनाकारण.
मला वाटलं आता खाली येऊन जेवतील मुकाट,
आणि गच्चीत तो सांगाडा तसाच राहील
नाताळ होऊन ईस्टर येईपर्यंत.

मेश्रामांची आम्रपाली कपडे काढायला वर आली होती.
आयटीआयला आहे, इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला,
वर्गात तीनच मुली.
टॉवेल खांद्यावर टाकून पाहत राहिली.
"काका, करंट दमून राहिला ना.
एवढं लांब चालत येते बिचारा.
शेवटच्या टोकालाबी एक वायर द्या.
दोन्हीकून भरा त्याले."

हे काहीच बोलले नाहीत.
ह्यांनी पकड तिच्या हातात दिली.
एकतीस वर्षांत
मी ह्यांना कुणाच्या हातात पकड देताना पाहिलं नव्हतं.

चोवीसच्या आत तारा टाकीवर चढला,
सहा फुटी पाइपाला पट्ट्यांनी आवळून.
वाकडा बसलाय. मी सांगितलं नाही.
खालून नीट दिसतच नाही, सिंटेक्सचं पोट मधे येतं.
गल्लीतून नाही, चर्चच्या फाटकातूनही नाही.
कुणी म्हणालं, मेट्रोतून दिसतो.

म्हणून कॅरलवाली मंडळी येऊन गेल्यावर
स्वेटर घालून गड्डीगोदामला गेलो,
दोन तिकिटं काढली इंदोऱ्याची,
काम काहीच नव्हतं तिथं.
उजवीकडे बसलो, ते चुकलं.
कडबी चौक सुटला तसे धडपडत डावीकडे.
छपरं, वाळत घातलेल्या गोधड्या, एक झोपलेलं मांजर,
आणि मग आपली टाकी,
आपला तारा,
चार सेकंद. मोजले मी.

समोर आईच्या मांडीवर एक पोरगं होतं,
हातात अर्धं सोललेलं संत्रं.
काचेला नाक लावून म्हणालं,
"आई, त्याचं एक टोक जास्तच चमकून राहिलं."
ह्यांनी खिडकीकडेच पाहत विचारलं,
"कोणतं रे?"
पण तोवर इंदोरा आला होता.

उतरलो. जिना चढून
पलीकडच्या फलाटावर गेलो.
परतीच्या गाडीत
या वेळी बाजू आधीच ठरवून बसलो.